ज्येष्ठ मालिका-कलावंताची कारकीर्द कशी लिहावी

दूरचित्रवाणीवर तीस-चाळीस वर्षे काम केलेल्या अभिनेत्याविषयी किंवा अभिनेत्रीविषयी लिहिण्याची वेळ बहुधा तीन निमित्तांनी येते: पंचाहत्तरी, मोठा पुरस्कार किंवा निधन. तिन्ही वेळा हाताशी दिवस कमी असतात आणि त्यामुळे साच्यातला लेख उतरतो. जन्मगाव, शाळेच्या स्नेहसंमेलनातले पहिले नाटक, मुंबईतले उमेदवारीचे दिवस, मालिकांची लांबलचक यादी, पुरस्कारांची त्याहून लांब यादी आणि शेवटी माणूस म्हणून ते किती साधे आहेत याविषयी एक परिच्छेद. असा लेख वाचून त्या कलावंताने नेमके काय काम केले, ते कोणत्या परिस्थितीत केले आणि ते इतरांहून वेगळे का ठरले, यांपैकी काहीच हाती लागत नाही. दिवाळी अंकासाठी, गौरवग्रंथासाठी किंवा एखाद्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी तीन-चार हजार शब्दांचा नेटका लेख लिहू पाहणाऱ्यांसाठी पुढील पद्धत सांगत आहे. तिचा पाया असा की मालिकेतल्या कलावंताची कारकीर्द त्याच्या कामाच्या दिवसांतून घडते, आणि लिहिणाऱ्याने भूमिकांची नावे गोळा करण्याआधी ते दिवस समजून घेतले पाहिजेत.

प्रसारणाचा काळ आधी मांडून घ्यावा

कलावंताला भेटायला जाण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर त्याच्या आयुष्याची वर्षे एका बाजूला आणि दूरचित्रवाणीच्या वाटचालीतली वर्षे दुसऱ्या बाजूला लिहून काढावीत. भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, परंतु मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मराठी कलावंतांचा या माध्यमाशी खरा संबंध तिथून येतो. म्हणजे आज ऐंशीच्या घरात असलेल्या कलावंताच्या आयुष्यात हा कॅमेरा पंचविशी-तिशीत आला. तोवर त्याची घडण राज्य नाट्यस्पर्धेत, आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांत, आकाशवाणीच्या श्रुतिकांत किंवा प्रायोगिक रंगमंचावर झालेली असते. पुण्यातील पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून सुरू आहे, हे लक्षात ठेवले तर त्या पिढीतील कोणाची सुरुवात कुठे झाली असावी याचा माग काढणे सोपे जाते.

वरळीच्या स्टुडिओतला आरंभीचा काळ कृष्णधवल होता. विनायक चासकर यांचा 'गजरा', चि. वि. जोशी यांच्या लेखनावरचे 'चिमणराव', छोट्या नाटिका, बालकार्यक्रम, कामगारांसाठीचे कार्यक्रम असे त्या काळातल्या कामाचे स्वरूप होते. नोंदी ठेवताना याला 'मालिका' या एकाच सदरात कोंबू नये, कारण तालीम करून, ठरलेल्या वेळेत, दोन-तीन कॅमेऱ्यांसमोर सलग केलेली नाटिका आणि आजची रोजची मालिका यांत कलावंताकडून होणारी मागणी अगदी निराळी असते. १९८२ साली रंगीत प्रसारण आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली, १९८५ च्या सुमारास प्रिया तेंडुलकर 'रजनी' म्हणून देशभर ओळखल्या जाऊ लागल्या, आणि २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' लागले. ते दिवस आठवड्याला एक भाग आणि तेरा, सव्वीस किंवा बावन्न भागांची मंजुरी, असे होते. १९९२ मध्ये झी टीव्ही आल्यावर खासगी वाहिन्यांचा काळ सुरू झाला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी' ही मराठीतल्या सुरुवातीच्या दैनंदिन मालिकांपैकी एक ठरली, आणि त्यानंतर १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी, २००८ मध्ये स्टार प्रवाह अशा वाहिन्या येत गेल्या.

हा कालपट लेखात जसाच्या तसा उतरवायचा नसतो. त्याचा उपयोग वजनकाट्यासारखा करायचा. ऐंशीच्या दशकात पाच मालिका केलेल्या अभिनेत्याचे एकूण भाग पन्नास-साठ भरतील, आणि २००५ नंतर एकच मालिका दोन वर्षे केलेल्या अभिनेत्रीचे, आठवड्याला सहा भाग धरले तर, सहाशेच्या वर जातील. यादीत पहिल्याच्या नावावर पाच आणि दुसरीच्या नावावर एक दिसते. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ अशी चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. शिवाजी साटम 'सीआयडी'मध्ये १९९८ ते २०१८ अशी दोन दशके एकाच पोलीस अधिकाऱ्याची भूमिका करत होते. अशा कामाची मोजदाद मालिकांच्या संख्येवर करणे म्हणजे त्या कलावंतावर अन्याय करणे होय, आणि हा अन्याय आपल्याकडच्या बहुतेक परिचयलेखांत सर्रास होतो.

कागदपत्रे आणि त्यांची खातरजमा

या माध्यमाची सर्वांत दुःखद बाब म्हणजे त्याचे आरंभीचे काम फारच थोडे उरले आहे. टेपा महाग होत्या आणि एका कार्यक्रमाच्या टेपेवर दुसरा कार्यक्रम ध्वनिचित्रित केला जाई. चित्रपट नटाविषयी लिहिणाऱ्याला किमान चित्रपट पाहायला मिळण्याची आशा असते. सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर गाजलेल्या भूमिकेविषयी लिहिणाऱ्याला अनेकदा दोन छायाचित्रे, वर्तमानपत्रातले चार ओळींचे परीक्षण आणि पाहिलेल्यांच्या आठवणी यांवरच काम भागवावे लागते. त्यामुळे कागद शोधण्याचे काम आधी, आणि मनापासून करावे.

सर्वांत मोलाचा कागद कलावंताच्या घरातच असतो: त्याच्या डायऱ्या. नाटकातून आलेल्या पिढीला प्रयोगांच्या तारखा, ठिकाणे आणि नाइट, म्हणजे प्रयोगाचे मानधन, लिहून ठेवण्याची सवय होती, आणि चित्रीकरणाच्या तारखाही त्याच डायरीत पडत गेल्या. त्यांच्या जोडीला नाटकांच्या जाहिरातींची कात्रणे, स्पर्धांच्या स्मरणिका, निर्मितीसंस्थेशी झालेले करार, बँकेची पासबुके आणि अल्बम असतात. घराबाहेर शोधायचे तर जुन्या वृत्तपत्रांच्या फाइली जपणारी मोठी सार्वजनिक ग्रंथालये गाठावीत; त्या काळी वर्तमानपत्रात दूरदर्शनचे दिवसभराचे कार्यक्रम छापून येत, आणि 'ती मालिका नेमकी कोणत्या वर्षी लागली' या प्रश्नाचा सर्वांत विश्वासार्ह निकाल त्या रकान्यात लागतो. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातले काही जुने कार्यक्रम आता लोकांसाठी खुले केले आहेत, तेही पाहावेत, आणि पाहताना श्रेयनामावली थांबवून अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावी.

इंटरनेटवरच्या मालिकांच्या याद्या आरंभबिंदू म्हणून चालतील, पुरावा म्हणून चालणार नाहीत. एकाने केलेली चूक दहा ठिकाणी उतरवली जाते आणि मग दहा ठिकाणी आहे म्हणून ती खरी मानली जाते. काही चुका तर नेहमीच्याच असतात. वाहिनीचे आजचे नाव कालच्या घटनेला चिकटवले जाते: २००५ पूर्वी झी मराठी नव्हती, अल्फा मराठी होती, आणि कलर्स मराठी हे नाव ईटीव्ही मराठीला २०१५ मध्ये मिळाले. पुरस्काराचे वर्ष आणि तो जाहीर झाल्याचे वर्ष यांची गल्लत होते: अशोक सराफ यांना २०२३ सालचा महाराष्ट्रभूषण पुरस्कार जाहीर झाला तो २०२४ च्या आरंभी. अभिनेत्रींच्या बाबतीत नावे बदललेली असतात; रीमा लागू यांचे मूळ नाव नयन भडभडे होते, आणि माहेरच्या नावाने शोध घेतला नाही तर त्यांच्या वाटचालीची सुरुवातच निसटून जाईल. एकाच नावाचे दोन कलावंत हाही प्रकार मराठीत दुर्मीळ नाही, म्हणून शक्य तिथे छायाचित्र ताडून पाहावे.

निधनाच्या बातमीबाबत तर जास्तच सावध राहावे. विक्रम गोखले यांचे निधन २६ नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात झाले, परंतु त्याआधी दोन-तीन दिवस ते रुग्णालयात उपचार घेत असतानाच त्यांच्या निधनाचे वृत्त अनेक माध्यमांनी देऊन टाकले होते आणि कुटुंबीयांना ते नाकारावे लागले. श्रद्धांजलीचा लेख चार तास उशिरा छापला गेला तर कोणाचे काही बिघडत नाही. खात्रीसाठी कुटुंब किंवा रुग्णालय यांच्याकडून अधिकृतपणे आलेला शब्दच धरावा, इतर माध्यमांचे हवाले धरू नयेत.

मुलाखतीची तयारी आणि मुलाखत

लेखाचा कस इथे लागतो. वयोवृद्ध कलावंताला दोन तासांच्या वर बसवू नये, आणि एकाच बैठकीत सगळे आयुष्य उरकण्याचा हव्यास तर मुळीच धरू नये. सकाळची वेळ, शांत खोली आणि काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या लहान बैठका यांतून फार चांगले काही मिळते. पहिल्या बैठकीनंतर मनात जागे झालेले तपशील दुसऱ्या बैठकीत आपोआप बाहेर येतात. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी मागावी आणि 'हे छापू नका' असे म्हटलेला भाग खरोखर बाजूला ठेवावा.

प्रत्येक ज्येष्ठ कलावंताकडे शंभर वेळा सांगून गुळगुळीत झालेले दहा-बारा किस्से असतात. ते आधी ऐकून घ्यावेत, मध्येच अडवू नये, कारण ते सांगितल्याशिवाय त्यांना मोकळे वाटत नाही. त्यानंतर त्याच किश्श्याच्या कडेकडेने प्रश्न विचारावेत: त्या दिवशी सेटवर आणखी कोण होते, संवाद हातात कधी आले, दृश्य किती वेळा घेतले, घरी किती वाजता पोहोचलात. 'दूरदर्शनवर पहिल्यांदा झळकल्यावर कसे वाटले' या प्रश्नाला 'खूप आनंद झाला' एवढेच उत्तर येणार. त्याऐवजी 'पहिल्या दिवशी कोणता कॅमेरा चालू आहे हे तुम्हाला कसे कळायचे' असे विचारले की माणूस खुर्चीत पुढे सरकून हातांनी स्टुडिओचा नकाशा काढू लागतो.

यासाठी डायरीचे पान समोर ठेवण्यासारखा दुसरा उपाय नाही. समजा, १९९९ सालच्या एका पानावर 'स. ७ मढ, रा. ८.३० गडकरी' एवढेच लिहिलेले आहे. या एका ओळीत तो सगळा दिवस आहे. सकाळी सातला मढच्या बंगल्यावर मालिकेचे चित्रीकरण आणि रात्री साडेआठला ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये नाटकाचा प्रयोग. मग विचारावे की मढहून किती वाजता सोडायचे हे आधी ठरलेले असे का, आणि युनिटने ते पाळले नाही तर कोणाला फोन करायचा. मालिकेचा मेकअप गाडीतच उतरवायचा की तसाच ठेवून त्यावर नाटकाचा चढवायचा. नाटकात मागच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा आवाज आणि मालिकेत छातीवर लावलेल्या माइकसाठी दबलेला आवाज, हा बदल वाटेत कसा व्हायचा. घरी लहान मूल होते, त्या रात्री ते कोणाकडे होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना सासूबाईंचे, शेजारणीचे किंवा मोठ्या मुलीचे नाव निघते, आणि कारकीर्द कोणाकोणाच्या आधारावर उभी राहिली हे तिथे पहिल्यांदा कळते.

नोकरीविषयी अवश्य विचारावे. अशोक सराफ यांनी स्टेट बँकेत अनेक वर्षे नोकरी केली. शिवाजी साटम हेही बँकेत होते, आणि आंतरबँक नाट्यस्पर्धेत त्यांचे काम पाहून त्यांना पुढे आणणारे बाळ धुरी हे पुढे 'रामायण'मधले दशरथ म्हणून घराघरांत ओळखले गेले. त्या पिढीच्या अभिनयामागे बँका, विमा कंपन्या, सरकारी कार्यालये आणि त्यांतल्या स्पर्धा यांचे एक भक्कम जाळे होते. रजा कशी मिळे, साहेब कसा होता, नोकरी सोडण्याचा निर्णय कोणत्या कामाच्या जोरावर घेतला आणि घरच्यांनी तो कसा घेतला, हा भाग नीट लिहिला तर लेखातला तो सर्वांत वाचनीय भाग होऊ शकतो.

पैशांविषयी विचारायला संकोच करू नये, मात्र आकडा मागू नये. मानधन दिवसावर ठरे की भागावर, पैसे काम झाल्यावर किती महिन्यांनी हाती येत, कधी बुडाले का, मालिका अचानक बंद झाली तेव्हा घर कसे चालले, या प्रश्नांना आब राखून उत्तरे देता येतात. दैनंदिन मालिकांत तीन महिन्यांनी पैसे देण्याची पद्धत रूढ झाली, आणि पन्नाशीतल्या चरित्र कलावंतावर त्याचा किती ताण येत असेल हे वाचकाला माहीत नसते.

संबोधनाचाही विचार करावा. समोर बसल्यावर 'काका', 'ताई', 'मामा' किंवा 'सर' जे रूढ असेल ते म्हणावे, पण लेखात आडनाव आणि आदरार्थी बहुवचन वापरावे आणि ते अखेरपर्यंत पाळावे. सगळे इंडस्ट्रीतले लोक त्यांना 'मामा' म्हणतात म्हणून लेखकानेही तीन हजार शब्द 'मामा' लिहिले, तर लेखाला घरगुती सत्काराची कळा येते.

अभिनयाविषयी नेमके लिहिणे

'सहजसुंदर', 'चतुरस्र', 'हरहुन्नरी', 'भूमिकेचे सोने केले' हे शब्द लेखातून आधीच हद्दपार करावेत. ते खोटे असतात असे नाही. ते कोणालाही लागू पडतात, एवढाच त्यांचा दोष. त्याऐवजी एका दीर्घ भूमिकेचे तीन भाग निवडावेत, सुरुवातीचा, मधला आणि शेवटाकडचा, आणि ते शक्य तर आवाज बंद करून एकदा व आवाजासह एकदा पाहावेत. ज्येष्ठ कलावंताचे कसब अनेकदा त्याला संवाद नसलेल्या दृश्यांत दिसते. मालिकेत एका दृश्यातल्या प्रत्येकाचा प्रतिक्रियेचा चेहरा वेगळा टिपला जातो, कधी समोरचा कलावंत सेटवर नसतानाही, आणि त्या वेळी नुसत्या भिंतीकडे पाहून मुलाच्या बोलण्याने दुखावलेला बाप उभा करावा लागतो.

पाहिलेले लिहिताना कृती लिहावी. उदाहरणार्थ, मुलगा घर सोडण्याची भाषा करतो तेव्हा आईची भूमिका करणारी अभिनेत्री आधी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद करते, सांडशी जागेवर ठेवते आणि मगच त्याच्याकडे वळते. वळेपर्यंत तिचा चेहरा तयार झालेला असतो, आणि तो तयार होताना आपल्याला फक्त तिची पाठ दिसलेली असते. असे दोन-तीन क्षण टिपले की विशेषणांची गरज उरत नाही, आणि ते क्षण दिग्दर्शकाने सुचवले होते की अभिनेत्रीने स्वतः घेतले होते, हे पुढच्या बैठकीत विचारता येते.

दैनंदिन मालिकेतला अभिनय कोणत्या अडचणींतून निघतो हेही सांगितले पाहिजे. बारा तासांची शिफ्ट, सकाळी सेटवर आल्यावर हाती पडणारे संवाद, तालमीचा अभाव, भाग पुरेसे साठले नसतील तर वाढणारी घाई, आठवड्याच्या टीआरपीनुसार वळणारे कथानक. लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात, मालिका काही वर्षांची झेप घेते, कधी समोरच्या भूमिकेतला कलावंतच बदलतो. अशा वेळी ती व्यक्तिरेखा कशी बोलते, कशावर चिडते, पूर्वी कोणाला काय म्हणाली होती, हे सगळे लक्षात ठेवणारा माणूस बहुधा तो ज्येष्ठ कलावंतच असतो. 'ही बाई असे बोलणार नाही' असे नव्या सहायकाला शांतपणे सांगून एक वाक्य बदलून घेणे हे त्याच्या कामाचे अंग आहे, आणि माझ्या मते या माध्यमातली सर्वांत कमी नोंदली गेलेली कला हीच आहे. असा एखादा प्रसंग मिळाल्याखेरीज मुलाखत संपली असे समजू नये.

भूमिकेचे वय आणि कलावंताचे वय यांच्यातले अंतरही मांडावे. दिलीप प्रभावळकर यांचा जन्म १९४४ चा. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते चिमणराव होते आणि २००१ मध्ये 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आजोबा झाले तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. वय वाढवून दाखवण्यासाठी चाल, बसण्या-उठण्याची लय आणि उच्चार यांत काय केले, हे पाहण्यासारखे आहे. अभिनेत्रींच्या बाबतीत हेच अंतर अनेकदा त्यांच्यावर लादलेले असते. रीमा लागू यांनी १९८९ साली हिंदी पडद्यावर सलमान खान यांच्या आईची भूमिका केली तेव्हा त्या तिशी नुकतीच ओलांडलेल्या होत्या आणि दोघांच्या वयात जेमतेम सात वर्षांचे अंतर होते. त्याच अभिनेत्रीने पुढे 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं' या मालिकांत विनोदाची अचूक वेळ साधली. तिच्याविषयी 'सोज्वळ आई' एवढेच लिहिणारा लेख अर्धी कारकीर्द गाळतो.

कठीण वर्षे

काम नसलेली वर्षे लेखातून गाळण्याची प्रथा आहे, ती मोडावी. कालपटावर जिथे दोन-तीन वर्षे रिकामी दिसतात तिथे बोट ठेवून आदराने विचारावे. उत्तर आजारपणाचे असेल, मुलांच्या शिक्षणाचे असेल, एखाद्या गाजलेल्या भूमिकेचा शिक्का बसल्यामुळे दुसरे काम न मिळण्याचे असेल. मालिकेतून एका रात्रीत काढून टाकल्याचा प्रसंग असेल तर दुसरी बाजूही विचारून घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर संस्थेचे नाव न घेता प्रसंग सांगावा. आजारांचे तपशील कलावंताच्या स्पष्ट संमतीशिवाय छापू नयेत, आणि कौटुंबिक मतभेद कामाशी संबंध नसेल तर छापूच नयेत.

२०२० हे वर्ष मात्र प्रत्येक हयात ज्येष्ठ कलावंताच्या लेखात आले पाहिजे. करोनाच्या साथीमुळे मार्चमध्ये चित्रीकरण थांबले, मे महिन्याच्या अखेरीस राज्य शासनाने ते पुन्हा सुरू करण्यासाठी घातलेल्या अटींत पासष्ट वर्षांवरील कलाकारांना आणि तंत्रज्ञांना सेटवर येण्यास मनाई होती, आणि ती अट मुंबई उच्च न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० रोजी रद्द ठरवली. ज्या लोकांचे पोट रोजच्या कामावर होते त्यांना आपले वय हाच गुन्हा ठरल्यासारखे झाले होते. दुसरीकडे धोका खराच होता. आशालता वाबगावकर साताऱ्यात एका मालिकेचे चित्रीकरण करत असताना करोनाची लागण होऊन २२ सप्टेंबर २०२० रोजी गेल्या. त्या महिन्यांत घरी बसणे आणि कामावर जाणे यांत कोणी काय निवडले, हा प्रश्न विचारताना आपले मत आधी सांगू नये.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरुवात करण्याचे बंधन नाही. कामाच्या एखाद्या पूर्ण दिवसापासून सुरुवात केली आणि तिथून मागे गेले, तर वाचक त्या माणसाला काम करताना आधी पाहतो आणि त्याचे बालपण जाणून घेण्याची ओढ त्याला मग लागते. घराण्याचा वारसा असेल तर तो नेमक्या शब्दांत सांगावा. विक्रम गोखले यांच्या पणजी दुर्गाबाई कामत या भारतीय पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्रींपैकी, आजी कमलाबाई गोखले या बालकलाकार म्हणून पडद्यावर आल्या आणि वडील चंद्रकांत गोखले हे नामवंत अभिनेते. एवढे एक वाक्य पुरते, त्यावर दोन पाने खर्चून वंशावळ सांगू नये. मालिकांची यादी लेखाच्या अंगात न घेता शेवटी स्वतंत्र चौकटीत द्यावी, वर्ष, वाहिनीचे त्या वेळचे नाव आणि भूमिका या क्रमाने, आणि ज्या नोंदीची खात्री पटली नाही ती चौकटीत घालू नये.

सहकलाकारांची मते घेताना मोठ्या नावांच्या मागे धावण्याची घाई करू नये. रंगभूषाकार, वेशभूषा सांभाळणारी व्यक्ती, ध्वनिमुद्रक, मालिकेचा कार्यकारी निर्माता, नाटकाच्या दौऱ्यावरचा व्यवस्थापक यांना कलावंताची शिस्त आणि लहर दोन्ही ठाऊक असतात आणि त्यांना फारसे कोणी विचारत नाही. कलावंताची आठवण आणि कागद यांत फरक पडला तर मुख्य मजकुरात कागदावरचे वर्ष द्यावे आणि आठवणीतला प्रसंग त्यांच्याच शब्दांत ठेवावा. वर्ष चुकले तरी प्रसंग खरा असू शकतो.

मसुदा तयार झाल्यावर तारखा, नावे आणि उद्धृत केलेली वाक्ये एवढाच भाग कलावंताला किंवा घरच्यांना वाचून दाखवावा. आपले मूल्यमापन दाखवण्याची गरज नाही आणि ते मागितले तर नम्रपणे नकार द्यावा, हे पहिल्या भेटीतच स्पष्ट केलेले बरे. छायाचित्र ज्याने काढले त्याचे नाव शोधून छापावे, अल्बममधली छायाचित्रे घरीच मोबाइलने किंवा स्कॅनरने टिपून मूळ प्रती त्याच दिवशी परत ठेवाव्यात. लेख छापून झाल्यावरही मुलाखतीचे ध्वनिमुद्रण पुसू नये. त्याच्या आरंभी तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव स्वतःच्या आवाजात नोंदवावे, एक प्रत कुटुंबाला द्यावी आणि त्यांची लेखी संमती घेऊन दुसरी प्रत नाट्यविषयक संग्रह जपणाऱ्या एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाच्या नाट्यविभागाकडे सुपूर्द करावी, म्हणजे पुढे त्या कलावंतावर लिहिणाऱ्याला त्यांच्याच आवाजातली साक्ष उपलब्ध राहील.